तिमाळीतला जानोसा

मी एस.टी.त कंडक्टर होते. चिपळूण-गुहागर, चिपळूण-दापोली, चिपळूण-कोल्हापूर, सगळे घाट माझ्या पायाखालून गेले. माणसं आत कशी कोंबायची आणि दार कधी ओढून घ्यायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा ठाम समज होता. गेल्या फाल्गुनात वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी माझ्या या हातांनी एक दोर ओढला आणि तो समज गेला. त्या दोरापायी आमच्या केदारचं लग्न मोडता मोडता राहिलं.

केदार माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा. पुण्यात नोकरीला असतो. तिथंच त्याला पल्लवी भेटली. ती वर्ध्याकडची, सेलू तालुक्यातली. हिंगणीच्या पुढं, बोर धरणाच्या अलीकडं तिचं गाव. गावाचं नाव मी सांगणार नाही. ती माणसं आता आमची सोयरी आहेत आणि हे वाचून कुणी त्यांना छेडलेलं मला चालणार नाही.

लग्न मुलीच्या गावी करायचं ठरलं आणि केदारनं निघायच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं. म्हणाला, आत्या, तू फक्त बाबांना सांभाळ, बाकीचं मी बघतो. त्याचे बाबा म्हणजे आमचा दादा. माणूस सोन्यासारखा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. मानपानात जरा कमीजास्त झालं की गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की घरातलं घड्याळसुद्धा दबकून चालतं. लहानपणापासून त्याला सांभाळायचं काम माझ्याकडंच आहे. म्हटलं, चल, हेही करू.

वर्ध्याच्या पुढं

रेल्वेतल्या प्रवासाचं काही सांगत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. पुलगावच्या आसपास उजाडलं आणि मी खिडकीला नाक लावलं ते काढलंच नाही. आमच्या कोकणात नजर कुठं लांब जातच नाही, मध्ये डोंगर येतो नाहीतर कुणाची तरी आंब्याची बाग. इथं नजर सोडली की जाते आपली जाते. हरभरा, गहू, वेचून झालेली पऱ्हाटी, मध्येच एखादं पेटल्यासारखं फुललेलं पळसाचं झाड. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, हे मला समोरच्या बाईंनी सांगितलं. त्यांनी डब्यातली सांबारवडीही दिली. सांबार म्हणजे इकडं कोथिंबीर. मी एक घेतली, मग न विचारता दुसरी घेतली.

वर्ध्याला पल्लवीचे वडील वामनभाऊ स्वतः गाडी घेऊन आले होते. उंच, सडसडीत, पांढरा सदरा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक गोड ‘जी’. व्याह्याला इकडं इवाई म्हणतात. दादाला त्यांनी दहा वेळा तरी इवाई म्हटलं असेल आणि दर वेळी दादाची छाती बोटभर वर आली. मला वाटलं, झालं, आपलं काम अर्धं झालं.

मग आम्ही गावात पोहोचलो आणि उतरायची जागा दिसली.

तिमाळी

चौकाच्या कडेला, कडुलिंबाच्या झाडामागं, एक चौकोनी बुरुज उभा. खाली दगड, वर विटा, जागोजाग चुना सुटलेला. तीन खोल्या एकावर एक ठेवलेल्या, म्हणून तिमाळी. खिडक्या म्हणजे हातभर उंचीच्या फटी. आणि गंमत म्हणजे मुख्य दार जमिनीवर नाहीच. दीड पुरुष उंचीवर भिंतीत दार, आणि तिथवर जायला एक रुंद, जाडजूड सागवानी शिडी. नवरदेवाकडच्या मंडळींना उतरवतात त्या जागेला जानोसा म्हणतात. गावात कार्यालय नाही, लॉन नाही, म्हणून गावातल्या प्रत्येक लग्नाचा जानोसा याच तिमाळीत.

दादानं वर पाहिलं, शिडी पाहिली, आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, मला धान्याच्या कोठीत उतरवलंय काय गं यांनी?

खरं तर ते अगदीच खोटं नव्हतं. पण तळाच्या खोलीला नंतर कधीतरी पाडलेलं एक दार आहे, आणि ज्येष्ठांची सोय तिथं केलेली. खाटा, स्वच्छ गाद्या, माठ, पंखा. बाहेर ऊन चांगलंच लागत होतं आणि आत पाऊल टाकल्यावर अंगावर गारवा आला. भिंती इतक्या जाड की दाराच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसेल. दादा जरा आडवा होतो म्हणाला आणि थेट जेवायलाच उठला. जेवायला गोळाभात, पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी. आमच्याकडं गोडसर नारळाच्या वाटणावर वाढलेल्या जिभा त्या रश्श्यानं अशा काही भाजल्या की बोलायची सोय उरली नाही. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो तिसऱ्यांदा रस्सा मागत होता. धान्याच्या कोठीचा विषय परत निघाला नाही.

संध्याकाळी कडुलिंबाच्या पारावर बसून मी वामनभाऊंना तिमाळीबद्दल विचारलं. मला जुन्या इमारतींचं काही कळत नाही, पण ज्या घराला जमिनीवर दार नाही त्या घरात कुणीतरी काहीतरी भोगलेलं असणार, एवढं कळतं.

ते सांगत होते ती गोष्ट अशी. गावाच्या मालगुजारानं पेंढाऱ्यांच्या धास्तीनं ही बांधली. मालगुजार म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा, एका अर्थी गावाचा मालक. तळाच्या खोलीत धान्य, तेही वरच्या खोलीच्या भोकातून ओतायचं. मधल्या खोलीत बायकामुलं. वरच्या खोलीत पहारा. चाहूल लागली की सगळे मधल्या खोलीत चढायचे आणि शिडी दोरानं आत ओढून घ्यायचे. मी विचारलं, मग आले का पेंढारी? वामनभाऊ शांतपणे म्हणाले, नाई आले. तिमाळी पाहूनच नाई आले. त्यावर पारावरची सगळी मंडळी हसली. ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगत असणार.

पेंढाऱ्यांची धास्ती गेली तशी मधल्या खोलीत मालगुजाराची कचेरी आली. पुढं कापसाला भाव आला, तेव्हा तळाला दार पाडून कापूस भरायला लागले. भिंतींच्या फटींत अजून कापसाचे धागे सापडतात, मी स्वतः एक ओढून काढला. मालगुजारी गेली, तिमाळी गावाची झाली. मग तळाला शाळा भरली. शाळेला इमारत मिळाली तेव्हा खताची पोती आली. पोती गेली तेव्हा बालवाडी आली. मध्ये काही वर्षं एक नर्सबाई तिथं राहायला होत्या, त्यामुळं गावातले बरेच जण आपण तिमाळीत जन्मलो असं ऐटीत सांगतात. वरच्या खोलीत आता मोबाईलची रेंज मिळते. गावात इतर कुठं धड मिळत नाही, म्हणून तरण्या पोरांनी तिथं सतरंजी टाकलीये, आणि परीक्षेचे फॉर्म असोत की मुलीशी बोलणं असो, सगळं तिथून चालतं. पेंढाऱ्यांवर नजर ठेवायला बांधलेली खोली, आणि तिथून आता जगाशी गप्पा. मला फार आवडलं हे.

मधली खोली मात्र कित्येक वर्षांपासून जानोशालाच. शिडी तीच, फक्त पायऱ्या बदललेल्या. दसऱ्याला तिची पूजा करतात, दोर नवा घालतात, आणि रीत म्हणून एकदा वर ओढून खाली सोडतात. एवढं सांगून वामनभाऊ एकदम गप्प झाले आणि जेवाले चाला म्हणाले. माझ्या ते लक्षात आलं, पण मी विचारलं नाही.

जे मला नंतर कळलं

ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचा घोळ तुम्हाला नीट कळेल.

वामनभाऊंची थोरली बहीण आहे, वेणूआत्या. म्हणजे आमच्या लग्नातली एक आत्या मी, दुसरी ती. बुटकी, गोरी, केस पांढरेशुभ्र, चालणं झपाझप. आम्ही आलो तेव्हा शिडीच्या पायथ्याशी उभं राहून पायावर पाणी घालणारी तीच होती. पायावर पाणी घातलं, गूळ हातावर ठेवला, सामान वर चढवायला माणसं लावली, पण स्वतः शिडीला पाय लावला नाही. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

गुडघे नव्हते दुखत. तरुणपणी तिचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड आलं, याच खोलीत उतरलं. नवरदेवाच्या मामाची गावातल्या पोरांनी काही थट्टा केली, ती त्याला झोंबली. तो रुसला आणि रागाच्या भरात त्यानं शिडी वर ओढून घ्यायला लावली. समजूत काढायला येतील, मग सोडू, असा त्याचा हिशेब. पण वेणूआत्याचे वडीलही तसेच ताठ. ज्यानं आमच्या गावात आम्हालाच दार बंद केलं त्याच्या पाया पडायला मी जाणार नाही, म्हणाले. वर ते, खाली हे. मधली मुलगी हळद लावून घरात बसलेली. तिला कुणी काही विचारलं नाही. सकाळ झाली, शिडी खाली आली आणि वऱ्हाड निघून गेलं.

वेणूआत्यानं नंतर लग्न केलं नाही. पुढं तिमाळीच्या तळाच्या खोलीत बालवाडी निघाली, ती तिनंच चालवली, निवृत्त होईपर्यंत. डोक्यावर ती खोली, आणि खाली ही पोरांना गाणी शिकवत होती. गावात कुणाचंही लग्न असो, जानोशाच्या दिमतीला तीच उभी. पण वर कधी गेली नाही.

तेव्हापासून दसरा सोडला तर त्या शिडीला वर ओढायचं म्हणून कुणी हात लावत नाही. जानोशात वऱ्हाड असताना शिडी वर गेली, म्हणजे लग्न मोडलं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि म्हणूनच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चुलीत हात घालू नका असं पाहुण्याला कोण सांगतं?

हळदीचा दिवस

सकाळी हळद झाली. लग्न गोरज मुहूर्तावर. सगळं छान चाललं होतं, फक्त एक खडा लागला. मांडवात भोंग्यावरून आलेल्या पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत चाललं होतं. चुलतभाऊ झाले, मावसभाऊ झाले, आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचंही नाव झालं, आणि नवऱ्या मुलाच्या बापाचं राहिलं. दादा ताट बाजूला सारून म्हणाला, आमच्याकडं मानपान असा नसतो. हळू आवाजात म्हणाला, पण त्याचा हळू आवाज चार ताटांपलीकडं जातो. वामनभाऊ लगबगीनं आले, हात जोडले, भोंग्यावरच्या पोराला झापलं. दादा बरं बरं म्हणाला. पण चेहरा उतरलेलाच.

मी लगेच उपाय केला. पुरुषमंडळींना धरण बघायला पाठवलं. बोरचं पाणी बघून दादाला बरं वाटेल, पाणी बघितल्याशिवाय तो दोन दिवस राहिलेला नाही कधी. जीप मिळाली, सगळे गेले. केदार आणि त्याचे मित्र हिंगणीला दाढी करायला गेले. मधल्या खोलीत आम्ही बायका राहिलो. माझी वहिनी, माझी मावसबहीण आणि मी. जेवण अंगावर आलेलं, दुपार टळटळीत, बाकीच्या दोघींचे डोळे मिटलेले.

आणि तेवढ्यात दारात एक वानर.

आता माकड-वानर म्हटलं की आम्हा कोकणातल्या माणसांचं काय होतं ते इतरांना कळायचं नाही. आमचे आंबे, फणस, काजू, परसातली भेंडी, कौलं, सगळं त्यांनी खाल्लंय, फोडलंय. माझ्या नवऱ्यानं त्यांच्यामुळं भाजीपाला लावायचा सोडून दिला. मला वानर दिसलं की मी माझी राहत नाही. हे बेटं शिडीवरून ऐटीत चढून आलं, विड्यांसाठी ठेवलेला केळ्यांचा घड उचलला आणि माझ्याकडं बघत बघत उतरलं. खाली त्याची सगळी टोळी बसलेली.

मी वहिनीला हलवलं, मावसबहिणीला उठवलं. उठा गं, ओढा. दाराच्या आत, खुंटीला नवाकोरा दोर गुंडाळलेला होताच. तिघींनी पाय रोवून ओढला आणि ती अख्खी शिडी आत घेतली. अगदी शिकवल्यासारखी आली. घ्या म्हटलं आता केळी. डबल बेल मारून गाडी सोडल्यावर जे समाधान वाटायचं ते कितीतरी वर्षांनी वाटलं. आणि आम्ही तिघी निवांत झोपलो.

वाजंत्री थांबली

मला जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज थांबल्यानं. झोपेत कुठंतरी सनई-ढोल जवळ येत होते, आणि एकदम बंद झाले. थोडा वेळ मी तशीच पडून राहिले. मग मुलीकडचे मूळ घेऊन आले असतील हे लक्षात आलं. मूळ म्हणजे वऱ्हाडाला मांडवात चला म्हणून मानानं न्यायला येणं. हे लोक वेळेच्या आधीच आले होते. मी दारात येऊन खाली पाहिलं.

चौकात पंचवीस-तीस माणसं उभी. बायकांच्या हातात ताटं, ताटांवर रुमाल. ढोलवाल्यानं काठी खाली घातलेली. सगळे भिंतीकडं बघत होते, जिथं शिडी असायला हवी होती तिथं. वामनभाऊ कानाला फोन लावून उभे होते. नंतर कळलं, ते दादाला लावत होते आणि धरणावर रेंज नव्हती. पंगतीत व्याही रागावलेला, एकही पुरुषमाणूस जागेवर नाही, फोन लागत नाही, आणि शिडी वर. त्यांनी फोन खाली घेतला, मागं वळले आणि हातानं नुसती खूण केली. माणसं परतायला लागली.

मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण त्या माणसाची पाठ मी पाहिली. अशी पाठ मी एकदाच पाहिली होती, घाटात अपघात झाला तेव्हा गाडीत आपलं माणूस शोधून रिकाम्या हातानं परतणाऱ्याची.

सगळे निघाले, एक वेणूआत्या निघाली नाही. ती सरळ भिंतीपाशी आली, मान वर केली. चेहरा अगदी कोरडा.

“शिडी काऊन वढली जी, बाई?”

“माकडांसाठी हो!” मी म्हटलं. “केळी नेली आमची.”

“कोनासाठी?”

“माकडं. वानर. मोठं आलं होतं दारात.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, “अन् बाकीचे कुठी हायेत? इवाई?”

“धरण बघायला गेलेत. केदार दाढी करायला गेलाय हिंगणीला. येतीलच.”

तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, आणि हसता हसता नाकडोळे पदरानं पुसत होती. मग एकदम बालवाडीतल्या बाईच्या आवाजात म्हणाली, “सोडा थे खाली. आधी खाली सोडा.”

ओढताना शिकवल्यासारखी आलेली शिडी सोडताना दारातच आडवी अडकली. वहिनी एकीकडं ओढतेय, मावसबहीण दुसरीकडं, मी दोघींवर ओरडतेय. शेवटी एकदाची सुटली. खालचं टोक वेणूआत्यानं झेललं आणि दगडातल्या खाचेत बरोबर बसवलं. मी उतरणार होते. तिच्या पायाशी बसून माफी मागायची, एवढं तोवर ठरवलं होतं, कारण काहीतरी भयंकर झालंय हे मला कळून चुकलं होतं. पण मी पाय टाकायच्या आधीच तिनं शिडीवर पाय ठेवला होता.

ती वर आली. मी हात दिला तो घेतला नाही, चौकट धरून आत आली. आत येऊन उभी राहिली. आमच्या बॅगा, दोरीवर वाळत घातलेली वहिनीची साडी, गाद्या, पाण्याचा जग. तिनं सगळीकडं एकदा नजर फिरवली. भिंतीवरून हात फिरवला.

“एवढीच व्हय का खोली?” ती म्हणाली. “मले वाटे, मोठ्ठी असन.”

ती आम्हाला सांगत नव्हतीच. थोड्या वेळानं म्हणाली, “त्या रात्री इथं दिवा होता. आमच्या घरून दिसे. मले वाटे आत काय मोठा दरबार भरला असन.”

जगातलं पाणी तिनं स्वतः ओतून घेतलं, प्याली, पेला उपडा घातला. मग दारात जाऊन उभी राहिली, एक हात चौकटीला, आणि जो आवाज लावला तो आमच्या डेपोतल्या कुठल्याही कंट्रोलरनं ऐकून लाजावं.

“ए वामन! वापस ये! वांदरासाठी वढली म्हन्ते! वाजवाले सांग त्याह्यले!”

चौकाच्या टोकापर्यंत गेलेली माणसं थबकली. वळली. वामनभाऊंनी वर पाहिलं आणि बहीण त्या दारात उभी दिसल्यावर त्यांनी आधी तिच्याकडंच बघितलं. मूळ, वऱ्हाड, माकडं सगळं विसरून ते तिच्याकडं बघत राहिले. ढोलवाल्याला कुणी सांगायची वाट बघावी लागली नाही. त्यानं काठी उचलली.

सगळं मला सांगितलं ते वेणूआत्यानंच, तिथंच गादीवर बसून, खाली ढोल वाजत असताना. त्यामुळं काही ऐकू आलं, काही नाही, उरलेलं नंतर वामनभाऊंकडून जोडून घेतलं. मला रडू आलं, मी लपवलं नाही. तिनंच माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाली, रडू नका जी, तुमी तं वांदर पाह्यलं, आमी तं मामा पाह्यलाता.

गोरज

दादा परत आला तेव्हा गाव त्याच्याकडं बघून हसत होतं आणि त्याला कारण माहीत नव्हतं. मला वाटलं, आता हा नक्की बिथरणार. मी त्याला तळाच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. त्यानं आधी आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, अगं पण मी रुसलो असतो तर खालीच रुसलो असतो, मला कुठं शिडी चढता येते? आणि उठून वामनभाऊंकडं गेला. दोघे पारावर बसून काय बोलले मला माहीत नाही. पण मांडवात जाताना दादानं आपला फेटा सोडून वेणूआत्याच्या हातात दिला आणि तुम्ही बांधा म्हणाला. तिला येत नव्हता. तिनं कसातरी गुंडाळला, एका कानावर आलेला. दादा फोटोत तसाच आहे.

लग्न छान लागलं. भोंग्यावरच्या पोरानं यावेळी दादाचं नाव इतक्या वेळा घेतलं की शेवटी दादानंच बस म्हणून हात केला. जेवणात आलू-वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत आग्रह करतात, पण एका मर्यादेत. इथं आग्रह म्हणजे पोलीस चौकशीच. मी पहिल्यांदाच कुणापुढं तरी हरले.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीची पाठवणी झाली. रडारड झाली, ती कुठल्याही गावात सारखीच असते. नवरानवरी पुढच्या गाडीत बसून गेली. आमचं सामान वरच होतं, ते घ्यायला मी आणि वहिनी शिडी चढून गेलो.

आत गादीवर वेणूआत्या झोपलेली. पंखा लावून, उशी डोक्याखाली, चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या. लग्नघरातल्या दगदगीनं दमली होती की रात्रभर जागी होती, कोण जाणे. तोंड जरासं उघडं, श्वास संथ. आपल्या घरात झोपावं तशी झोपली होती.

वहिनी तिला उठवायला वाकली, मी तिचा हात धरला. खालून वामनभाऊ, काही राह्यलं का जी, म्हणून हाक मारणार तेवढ्यात मी दारातून ओठांवर बोट ठेवून दाखवलं. ते समजले. त्यांनी खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना हातानं गप्प केलं. आम्ही एकेक बॅग हातोहात उतरवली, कुठं आपटू दिली नाही. जिच्या चाकांचा खडखडाट होतो ती दादानं खाली छातीशी धरून गाडीपर्यंत नेली.

गाडी चौकातून वळेपर्यंत ती उठली नव्हती.